क्षेत्रफळ, आयताचे

चारही कोन काटकोन असलेल्या चौकोनाला आयत म्हणतात आणि त्याच्या सीमेने वेढलेल्या पृष्ठभागाच्या मापास आयताचे क्षेत्रफळ म्हणतात. ल ही लांबी, र ही रुंदी आणि क्ष हे क्षेत्रफळ मानल्यास क्ष = ल × र हे सूत्र मिळते. भूमितीतील इतर सर्व सरळरेषी आकृत्यांची क्षेत्रफळे याच सूत्रावर आधारलेली आहेत. आयताचा कर्ण काढला की काटकोन त्रिकोण मिळतो व त्याचे क्षेत्रफळ आयताच्या निम्मे असते. त्रिकोणांपासून कोणताही बहुभुज जोडता येतो. वक्ररेषांनी वेढलेल्या क्षेत्राचे मापनही अरुंद आयतांच्या बेरजेने होते आणि समाकलनाची मूळ कल्पना हीच आहे.

सूत्र सोपे असले, तरी ते वापरण्याची जागा क्वचितच सोपी असते. कागदावरील आयताचे कोन काटकोन आहेत असे गृहीत धरलेले असते. जमिनीवर ते सिद्ध करावे लागते. या दृष्टीने महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यातील धानशेतीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात धान हे मुख्य पीक असून त्यासाठी शेताचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाभोवती मातीचे धुरे घालतात. अशा तुकड्यास बांधी म्हणतात. बांधीत पाणी साठवावयाचे असल्याने तिचा तळ सपाट ठेवावा लागतो आणि धुरे जमिनीच्या उताराप्रमाणे वळतात. त्यामुळे बहुतेक बांध्या आयतासारख्या दिसतात, परंतु काटेकोर अर्थाने आयत नसतात. रोवणीची मजुरी, बियाण्याचा हिशोब, पाणीपट्टी, नुकसानभरपाई व पीकविमा या सर्व गोष्टी मात्र क्षेत्रफळावरच ठरतात.

सूत्राची उपपत्ती : क्षेत्रफळ मोजण्यासाठी एक एकक लांबीची बाजू असलेला चौरस हे एकक घेतात. आयताची लांबी ७ मी. व रुंदी ४ मी. असल्यास त्यात लांबीच्या दिशेने सात चौरसांची एक ओळ बसते व अशा चार ओळी मावतात. म्हणून क्षेत्रफळ २८ चौ. मी. येते. येथे मीटरला मीटरने गुणले असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः एका ओळीतील चौरसांच्या संख्येस ओळींच्या संख्येने गुणलेले असते. हा भेद लक्षात न घेतल्यास विद्यार्थी एक बाजू मीटरमध्ये व दुसरी फुटांत घेऊन गुणाकार करतो आणि आलेल्या संख्येस कोणताही अर्थ उरत नाही.

बाजू अपूर्णांकात असल्यास एकक लहान करतात. लांबी २·५ मी. व रुंदी १·२ मी. असल्यास एक दशांश मीटर बाजूचे चौरस घ्यावेत. लांबीत असे २५ आणि रुंदीत १२ बसतात, म्हणजे एकूण ३००. एका चौ. मीटरमध्ये असे १०० चौरस असल्याने क्षेत्रफळ ३ चौ. मी. होते व ते २·५ × १·२ या गुणाकाराशी जुळते. दोन्ही बाजूंना सामाईक माप नसेल, उदा., एक बाजू १ व दुसरी √२ असेल, तर कोणत्याही लहान चौरसाने तो आयत पुरा भरता येत नाही. अशा वेळी √२ पेक्षा किंचित लहान व किंचित मोठ्या अशा परिमेय लांबींचे दोन आयत घेतात. मूळ आयताचे क्षेत्रफळ या दोहोंच्या दरम्यान असते आणि दोहोंतील फरक हवा तितका कमी करता येतो, म्हणून सूत्र येथेही खरे ठरते. आधुनिक गणितात हाच युक्तिवाद अधिक व्यापक रीतीने मांडतात. आयत आडवा वा उभा कापल्यास तुकड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज मूळ क्षेत्रफळाइतकी होते, क्षेत्रफळ ऋण नसते आणि एकक चौरसाचे क्षेत्रफळ १ असते, एवढे मान्य केले की ल × र यावाचून दुसरे कोणतेही सूत्र संभवत नाही.

परिमिती व क्षेत्रफळ यांची गल्लत ही या विषयातील सर्वांत जुनी चूक होय. भोवतीच्या धुऱ्याची लांबी सारखी असली म्हणजे दोन बांध्या सारख्या झाल्या, असे समजणे चुकीचे आहे. २५ मी. × २५ मी. आणि ४० मी. × १० मी. या दोन्ही बांध्यांभोवतीचा धुरा १०० मी. लांबीचाच असतो. क्षेत्रफळ मात्र पहिलीचे ६२५ चौ. मी. आणि दुसरीचे केवळ ४०० चौ. मी. असते. परिमिती दिलेली असता सर्वांत जास्त क्षेत्रफळ चौरसाचे असते.

इतिहास : क्षेत्रमापनाची गरज सारावसुलीतून निर्माण झाली असावी. ईजिप्तच्या राजाने प्रजेस सारख्या आकाराचे चौकोनी तुकडे वाटून दिले होते व नाईलच्या पुराने एखाद्याच्या जमिनीचा भाग वाहून गेल्यास ती पुन्हा मोजून त्याचा कर कमी केला जाई, अशी हकीकत हीरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने दिली आहे. वैनगंगा व तिच्या उपनद्यांच्या काठच्या गावांना ही हकीकत परकी वाटू नये. मळईने वाढलेल्या व पुराने खचलेल्या जमिनींच्या आकारणीची तरतूद आजच्या जमीन महसूल कायद्यातही आहे. ईजिप्तमधील एडफू येथील मंदिराच्या भिंतीवर दान दिलेल्या शेतांची क्षेत्रफळे कोरलेली असून ती समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार करून काढलेली आहेत. या रीतीचा विचार पुढे केला आहे.

भारतात शुल्बसूत्रांमध्ये यज्ञवेदींच्या रचनेसाठी आयताचे समक्षेत्र चौरसात रूपांतर करण्याच्या रीती दिल्या आहेत. बौधायनाने आयतास दीर्घचतुरश्र अशी संज्ञा वापरली असून त्याच्या कर्णावरील चौरस दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे सांगितले आहे. मोजणीदाराच्या दृष्टीने हा नियम सूत्राइतकाच महत्त्वाचा आहे, कारण जमिनीवर काटकोन तपासण्याचे दोरीशिवाय दुसरे साधन नसेल, तर कर्णच उपयोगी पडतो. ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या दोन रीती दिल्या आहेत. समोरासमोरच्या बाजूंच्या निमपटांचा गुणाकार ही स्थूल रीत आणि अर्धपरिमितीतून प्रत्येक बाजू वजा करून येणाऱ्या चार संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ही सूक्ष्म रीत होय. सूक्ष्म रीत ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर येतात अशाच चौकोनास लागू पडते. भास्कराचार्य (दुसरे) यांनी लीलावतीत (११५०) यावर मार्मिक टीका केली आहे. चार बाजू त्याच राहूनही कर्ण बदलता येतो व कर्णाबरोबर क्षेत्रफळही बदलते. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता केवळ बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा आणि ते सांगणारा, असे दोघेही त्यांनी कठोर शब्दांत दोषी ठरविले आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे. लीलावतीवर बुद्धिविलासिनी (१५४५) ही टीका लिहिणारे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी वर्तुळाचे समान अरुंद तुकडे करून ते एकमेकांत गुंतवले असता अर्धा परीघ व अर्धा व्यास या बाजूंचा आयत तयार होतो, असे दाखवून वर्तुळाचे क्षेत्रफळही आयताच्या सूत्रावर आणून ठेवले.

मापे : महाराष्ट्रात शिवकाळात जमीन काठीने मोजली जाई. पाच हात व पाच मुठी ही काठीची लांबी होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद अशा चौरसाचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर होई. बिघ्याच्या विसाव्या भागास पांड म्हणत. हात माणसागणिक वेगळा असल्याने काठीची लांबी निश्चित करणे हा त्या काळी जमाबंदीचा महत्त्वाचा भाग होता.

ब्रिटिश अमदानीत दोन वेगळ्या साखळ्या रूढ झाल्या व त्यांतून निर्माण झालेला घोटाळा आजतागायत पुरता मिटलेला नाही. मुंबई इलाख्यात ३३ फूट लांबीची, सोळा आणे भाग पाडलेली साखळी वापरीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट) आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर (४३,५६० चौ. फूट) असे कोष्टक आहे. मध्य प्रांतात, ज्यात त्या वेळचा भंडारा जिल्हा मोडत असे, एकराचे शंभर भाग करण्याची पद्धत होती. अशा भागास लोकभाषेत डिसमिल म्हणतात. या दशमान पद्धतीस एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञांनी १६२० च्या सुमारास तयार केलेली ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी सोयीची पडते. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. लांबी व रुंदी कड्यांत घेऊन गुणाकार केला व दशांशचिन्ह पाच स्थळे डावीकडे सरकविले की उत्तर थेट एकरांत येते. उदा., ६२५ कड्या लांब व ३२० कड्या रुंद शेताचा गुणाकार २,००,००० येतो, म्हणजे ते शेत २ एकरांचे. भागाकार करावाच लागत नाही, हे या साखळीचे वैशिष्ट्य होय.

भंडारा जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मेट्रिक पद्धती स्वीकारल्यानंतर अधिकार अभिलेखात हेक्टर व आर ही मापे आली. शंभर मी. बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १ हेक्टर (१०,००० चौ. मी.) व दहा मी. बाजूच्या चौरसाचे १ आर (१०० चौ. मी.) असते. एक एकर म्हणजे सुमारे ४०·४७ आर, एक गुंठा म्हणजे सुमारे १·०१ आर आणि एक डिसमिल म्हणजे सुमारे ०·४ आर. गुंठा व आर जवळजवळ सारखे असल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नव्या मापाचा फारसा त्रास झाला नाही. पूर्व विदर्भात स्थिती वेगळी आहे. तेथे डिसमिल हाही शंभरावा भाग आणि आर हाही शंभरावा भाग; परंतु पहिला एकराचा व दुसरा हेक्टरचा. मालगुजारी काळातील कागदावर ०·४० असे लिहिलेले असेल तर ते शेत ४० डिसमिल म्हणजे १६ गुंठे ठरते. आजच्या सातबारा उताऱ्यावर ०·४० असे असेल तर ते ४० आर म्हणजे एक एकराला किंचित कमी ठरते. अंक तेच, दशांशचिन्ह त्याच जागी, परंतु जमीन सुमारे अडीचपट. बालाघाट व छत्तीसगडच्या सीमेलगतच्या गावांत, जेथे डिसमिल हा शब्द बोलण्यात अजून रुळलेला आहे, जुना व नवा कागद शेजारी ठेवून वाटणी वा विक्री करताना मापाचे नाव आधी वाचणे व अंक नंतर वाचणे आवश्यक असते.

बांधीची मोजणी : आयत नसलेल्या चौकोनी बांधीचे क्षेत्रफळ व्यवहारात पुष्कळदा समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून व त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करून ठरवितात. एडफूच्या भिंतीवर असलेली व ब्रह्मगुप्तांनी स्थूल म्हटलेली रीत ती हीच. तिची चूक कधीही कमी बाजूस होत नाही. चौकोन कर्णाने कापल्यास मिळणाऱ्या दोन त्रिकोणांपैकी प्रत्येकाचे क्षेत्रफळ त्याच्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. दोन्ही कर्णांनी आलेल्या अशा दोन मर्यादांची सरासरी घेतली की नेमके सरासरी रीतीचे उत्तर मिळते. म्हणून ते उत्तर खऱ्या क्षेत्रफळाइतके फक्त आयताच्या बाबतीत असते व एरवी नेहमी जास्तच भरते.

एक उदाहरण घेऊ. अ ब क ड या बांधीचे धुरे क्रमाने अब = ४० मी., बक = ३० मी., कड = १४ मी. व डअ = ४८ मी. आहेत आणि अक हा कर्ण ५० मी. आहे. ४० व ३० यांच्या वर्गांची बेरीज २,५०० येते, तशीच १४ व ४८ यांच्या वर्गांचीही येते. म्हणून ब आणि ड हे कोन काटकोन आहेत. दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे ६०० व ३३६ चौ. मी. असून बांधीचे खरे क्षेत्रफळ ९३६ चौ. मी. आहे. सरासरी रीतीने (४० + १४) ÷ २ = २७ आणि (३० + ४८) ÷ २ = ३९ घेऊन गुणाकार १,०५३ चौ. मी. येतो. जादा भरलेले ११७ चौ. मी. हे खऱ्या क्षेत्रफळाच्या साडेबारा टक्के आहेत. समोरासमोरचे दोन कोन काटकोन असल्याने ही बांधी वर्तुळात बसते व म्हणून तिला ब्रह्मगुप्तांची सूक्ष्म रीत लागू पडते. अर्धपरिमिती ६६ मी.; तीतून बाजू वजा केल्यास २६, ३६, ५२ व १८ या संख्या येतात आणि त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ बरोबर ९३६ असते. एकरी ठोक दराने रोवणी ठरलेली असेल, तर सरासरी रीतीमुळे मालकाला आठ बांध्यांसाठी नऊ बांध्यांची मजुरी द्यावी लागेल. तीच बांधी विकत घेणारा न पिकणाऱ्या जमिनीची किंमत मोजेल. कर्णाचे एक जादा माप घेतल्याने हा तंटा टळतो.

काटकोन जमिनीवर साधण्यासाठी दोरीला ३, ४ व ५ या प्रमाणात गाठी मारून त्रिकोण ताणण्याची रीत सर्वत्र परिचित आहे. मोजणी खात्यात पूर्वी शंकू व साखळी वापरीत. शंकूच्या चार फटींतून एकमेकींस लंब अशा दोन दिशा दिसतात. शेतातून एक लांब आधाररेषा आखून तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत लंब मोजले की शेताचे काटकोन त्रिकोण व समलंब चौकोन यांत विभाजन होते.

साखळीतील दोष क्षेत्रफळात दुप्पट होतो, हे पुष्कळदा दुर्लक्षित राहते. वापराने कड्या ताणून २० मी. साखळी १० सेंमी. वाढली, म्हणजे लांबीत अर्धा टक्का फरक पडला, तर लांबी व रुंदी दोन्हींत तो फरक येऊन क्षेत्रफळ सुमारे एक टक्क्याने चुकते. साखळी वाढलेली असल्यास शेत कागदावर कमी भरते. एक हेक्टर शेतात हा फरक एक आराचा असतो. उतारावर दुसऱ्या प्रकारची चूक संभवते. क्षेत्रफळ क्षितिजसमांतर पातळीवर मोजावयाचे असते; सालेकसा व देवरी तालुक्यांतील डोंगराळ भागात दहा अंशांच्या उतारावर १०० मी. चाललो, तर क्षितिजसमांतर अंतर सुमारे ९८·५ मी. असते. म्हणून साखळी उतारावर टेकवून न धरता पायऱ्यापायऱ्यांनी आडवी ताणतात.

वाटणी व धुरे : धुरा ही रेषा नसून तोही एक लांबट आयत आहे, हे भूमितीच्या पुस्तकात येत नाही, वाटणीच्या वेळी मात्र चटकन ध्यानी येते. १०० मी. × ४० मी. चे शेत चार भावांत वाटावयाचे आहे व धुऱ्याची रुंदी ६० सेंमी. आहे असे समजू. लांबीच्या दिशेने चार पट्टे पाडल्यास प्रत्येकी १०० मी. लांबीचे तीन नवे धुरे लागतात व ते १८० चौ. मी. जागा व्यापतात. रुंदीच्या दिशेने पाडल्यास तीन धुऱ्यांची लांबी प्रत्येकी ४० मी. असून ते ७२ चौ. मी. जागा घेतात. पहिल्या रीतीत प्रत्येकाच्या वाट्यास पिकाखालची ९५५ चौ. मी. व दुसरीत ९८२ चौ. मी. जमीन येते. म्हणजे केवळ दिशा बदलल्याने एक गुंठ्याहून अधिक जमीन वाचते. असे असूनही लांबीच्या दिशेने वाटण्या का होतात, याचे कारण गणितात नाही. पाट व पांदण बहुधा शेताच्या एका टोकास असतात. प्रत्येकास पाणी व बैलगाडीची वाट हवी असते आणि आडव्या वाटणीत शेवटच्या भावाचे धान इतरांच्या बांध्यांतून न्यावे लागते. पिढ्यानुपिढ्या अशा वाटण्या होऊन पट्टे इतके अरुंद झाले की नांगर वळविणे कठीण व्हावे. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्र ही मर्यादा घातली ती यासाठीच. धुऱ्याची जागा सर्वस्वी वाया जाते असेही नाही. पूर्व विदर्भात धुऱ्यांवर तूर लावण्याची चाल आहे.

पीक व पाणी : रोवणीत दोन ओळींतील अंतर २० सेंमी. व ओळीतील दोन चुडांतील अंतर १५ सेंमी. ठेवल्यास प्रत्येक चुडाच्या वाट्यास ३०० चौ. सेंमी. चा एक आयत येतो. त्यामुळे एका चौ. मीटरमध्ये सुमारे ३३ व हेक्टरी सुमारे ३,३३,००० चूड बसतात. २० × २० सेंमी. अंतरावर ही संख्या चौ. मीटरला २५ व श्री पद्धतीतील २५ × २५ सेंमी. अंतरावर १६ होते. पऱ्हे टाकण्यासाठी मुख्य क्षेत्राच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी जागा राखतात. लांबी-रुंदीस खोलीची जोड दिली की घनफळ मिळते. ४० मी. × २५ मी. बांधीत १० सेंमी. पाणी उभे करावयाचे तर १०० घ. मी. म्हणजे एक लाख लिटर पाणी लागते. एका हेक्टरावर पडलेला १ मिमी. पाऊस १०,००० लिटर भरतो. कोहळी समाजाने बांधलेल्या व मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नवेगावबांधसारख्या तलावांवर किती बांध्या भिजतील, हा प्रश्न या हिशोबाचाच आहे. तलावाचा काठ वेडावाकडा असल्याने त्याच्या नकाशावर चौकटीचा पारदर्शक कागद ठेवून पूर्ण चौकटी मोजतात व काठावरील अर्धवट चौकटी निम्म्या धरतात. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचे क्षेत्र तर दरवर्षी वेगळे असते.

पीक कापणी प्रयोग : हेक्टरी उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा आयत आखून त्यातील पीक कापून तोलतात. हा तुकडा १० मी. × ५ मी. घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ ५० चौ. मी. असते व वजनास २०० ने गुणून हेक्टरी उत्पन्न मिळते. तुकड्यातील एक किग्रॅ. ची चूक हेक्टरी दोन क्विंटलांची होते. कर्ण ११·१८ मी. भरतो की नाही हे पाहिल्याशिवाय खुंट्या पक्क्या करू नयेत. चारही बाजू बरोबर असूनही कोन १० अंशांनी ढळला, तर एक कर्ण ११·९३ व दुसरा १०·३७ मी. होतो आणि क्षेत्रफळ ४९·२४ चौ. मी. इतके कमी होते. दोरी दोन टक्के सैल असेल, तर बाजू १०·२ व ५·१ मी. होऊन क्षेत्रफळ ५२·०२ चौ. मी. होते, हेक्टरी २५ क्विंटल पिकणारे शेत कागदावर २६ क्विंटलांचे ठरते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नाची तुलना उंबरठा उत्पन्नाशी करतात व उत्पन्न त्याहून कमी आल्यासच भरपाई मिळते. त्यामुळे सैल दोरीने वाढलेला एक क्विंटल मंडळातील ज्या शेतकऱ्यांच्या शेतात प्रयोग झालाच नाही, त्यांच्याही भरपाईतून वजा होतो.

धानाच्या प्रोत्साहनपर रकमेच्या बाबतीतही क्षेत्रफळास अलीकडे नवे महत्त्व आले आहे. पूर्वी ती आधारभूत केंद्रावर विकलेल्या धानाच्या क्विंटलमागे दिली जात असे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने ती हेक्टरी १५,००० रुपये, कमाल दोन हेक्टरांपर्यंत, अशी जाहीर केली. वजनाऐवजी क्षेत्र हा आधार झाल्याने केंद्रावरील काट्याची जागा सातबारावरील आकड्याने घेतली. ऑगस्ट २०२० अखेर वैनगंगेला आलेल्या मोठ्या पुरानंतरचे पंचनामेही बाधित क्षेत्रावरच आधारलेले होते. एकाच गटातील काही बांध्या बुडालेल्या, काही रेतीने भरलेल्या व काही सुरक्षित असतील, तर गटाच्या एकूण क्षेत्राऐवजी प्रत्येक बांधीचे वेगळे माप लागते. सातबारावर मात्र बांधीनिहाय नोंद नसते.

ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाखालचे क्षेत्र शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून नोंदवितो. भोवती चालत जाऊन क्षेत्रफळ दाखविणाऱ्या भ्रमणध्वनीवरील साधनांचाही वापर वाढला आहे. त्यांच्यातील स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक संभवते व लहान बांधीत ती फार मोठी ठरते. ४० मी. × २५ मी. बांधीच्या प्रत्येक बाजूस तीन मीटर जास्त धरले गेले, तर १,००० ऐवजी १,२०४ चौ. मी. क्षेत्रफळ येते, हीच चूक ४०० मी. × २५० मी. क्षेत्रात दोन टक्क्यांपेक्षाही कमी असते. भूमी अभिलेख विभाग वापरीत असलेली उपग्रहाधारित रोव्हर यंत्रे सेंटीमीटरपर्यंत अचूक असतात. त्यांतील गणनयंत्र कोपऱ्यांच्या सहनिर्देशकांवरून क्षेत्रफळ काढते. त्याची रीत अशी : शेताच्या प्रत्येक बाजूपासून एका ठरावीक रेषेपर्यंतच्या समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ काढावयाचे आणि शेताभोवती फिरताना एका दिशेचे अधिक व उलट दिशेचे उणे धरून बेरीज करावयाची. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ त्याच्या दोन समांतर बाजूंची सरासरी आणि त्यांमधील लंबांतर या बाजूंच्या आयताइतके असते. येथे दोन बाजू खरोखरच समांतर असल्याने सरासरी घेण्यात कोणतीही चूक होत नाही.